बाळाला अंगाशी बांधताना

बारशाच्या भेटींत हल्ली एखादं तरी बेबी कॅरिअर असतंच. दुकानात त्याला 'कांगारू बॅग' म्हणतात. दोनदा वापरून ते माळ्यावर जातं, कारण भेट देणाऱ्याने बाळाचा विचार केलेला असतो, बाळाला घेऊन वावरणाऱ्या माणसांचा नाही. कॅरिअर आईच्या कमरेला, बाबांच्या खांद्यांना आणि त्या घराच्या दिवसाला बसावं लागतं. भेट द्यायचीच असेल तर आईबाबांना विचारून, शक्य झाल्यास त्यांना बरोबर नेऊनच घ्या.

किमतीआधी बाळाची बैठक पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच पिशव्यांत दोन पायांमधली पट्टी अरुंद असते. सगळा भार जांघेत येतो आणि पाय लोंबत राहतात. चांगल्या कॅरिअरचं कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पोचतं. बाळ उकिडवं बसल्यासारखं दिसतं, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असतात. सुरुवातीच्या महिन्यांत खुब्याच्या सांध्याची उखळी बरीचशी मऊ कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट टेकून राहिला तर तिला योग्य आकार येतो. पाय सरळ ताणून एकमेकांना जोडलेले राहिले तर तो माथा सरकण्याचा धोका वाढतो.

इथे आजी हमखास म्हणणार, "अगं, पाय फेंगडे होतील त्याचे!" होत नाहीत. खुब्यांच्या विकारावर काम करणारी 'इंटरनॅशनल हिप डिस्प्लेझिया इन्स्टिट्यूट' हीच बैठक सुचवते. न्हाऊमाखू घातल्यावर पाय सरळ करून जुन्या लुगड्यात करकचून गुंडाळण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. गुंडाळायचंच तर कमरेखाली सैल ठेवा, पाय दुमडता आले पाहिजेत.

आजीचा दुसरा आक्षेप सवयीचा: "सारखं अंगावर घेतलंस तर खाली राहायचंच नाही." उर्स हुन्झिकर आणि रोनाल्ड बार यांनी याच प्रश्नाच्या जवळ जाणारा प्रयोग केला आणि 1986 साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या बाळांना रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ, रडत नसतानाही, अंगावर घेतलं गेलं, ती सहा आठवड्यांची असताना इतर बाळांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. नव्या आईने हा आकडा घरात खुशाल ऐकवावा.

हे ज्ञान तसं कुणी नव्याने शोधलेलं नाही. अ‍ॅन मूर ही अमेरिकन परिचारिका 1960च्या दशकात पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेतर्फे पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये होती. तिथल्या आया बाळाला कापडाने पाठीशी बांधून सगळी कामं करतात, हे पाहून तिने परतल्यावर 'स्नगली' नावाचं कॅरिअर तयार केलं आणि 1969 साली त्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडेही कितीतरी कष्टकरी बायका कापडाच्या झोळीत लेकरू बांधून कामाला जातात. चांगल्या कापडाची साधी बांधणी महागड्या पिशवीपेक्षा कमी दर्जाची नाही, हे मी ठामपणे म्हणेन. फक्त विरलेली साडी वापरू नका. मऊ लागते, पण दगा देते.

श्वासाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. खोल पिशवीसारख्या स्लिंगमध्ये, म्हणजे एका खांद्यावरून घेतलेल्या कापडी झोळीत, तान्हं बाळ गोल वळतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. आवाजही होत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये यावर इशारा दिला. मागच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान 14 मृत्यूंची नोंद होती, त्यांतली 12 बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. म्हणून बाळ उभंच हवं, आपल्या अंगाशी घट्ट. मान जराशी खाली केली की त्याच्या टाळूचा पापा घेता यावा, चेहरा सतत दिसावा, हनुवटीखाली दोन बोटं सहज जावीत. ऊन लागतं म्हणून तोंडावर पदर किंवा ओढणी टाकू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

यानंतर प्रकार निवडणं सोपं जातं. ताणलं जाणारं लांब कापड पहिल्या महिन्यांत छान, पण त्याचे थरावर थर मुंबईच्या मे महिन्यात दोघांनाही घामाघूम करतात. तिथे दोन कड्यांचं सुती रिंग स्लिंग बरं. दोन्ही कड्यांतून कापड ओवायचं, वरच्या कड्यावरून मागे घेऊन खालच्या कड्यातून काढायचं, आणि मग कापडाची एकेक कड वेगळी ओढून बाळाच्या पाठीशी बसवायची. सगळं एकदम ओढलं तर मधला भाग सैलच राहतो. कडी मात्र वजन पेलण्यासाठी बनवलेलीच हवीत, पडद्याची नव्हेत.

सिझेरियन झालेल्या आईला बकलवाल्या कॅरिअरचा पट्टा टाक्यांवर रुतू शकतो. तिने तो टाक्यांच्या वर बांधून पाहावा किंवा काही आठवडे थांबावं. पण तासभर फिरायचं असेल, बाबाही घेणार असतील, तर बकलवाल्यासारखी सोय नाही, कारण वजन कमरेवर येतं. बाळाचं तोंड पुढे करून बांधायचं तर मान पक्की धरल्यावरच, तेही थोडा वेळ. झोप आली की आत वळवून घ्यायचं. पाठीवर घेणं बाळ आपलं आपण बसू लागल्यानंतर. गडावर नेण्याची चौकटीची बॅगही तेव्हाच.

स्कूटरवर कॅरिअर अजिबात नको. पडल्यावर आईच्या अंगाचा भार बाळावरच येतो. दुचाकीवरच्या चार वर्षांखालील मुलांसाठीचा नियम 2022 साली अधिसूचित झाला आणि 2023 पासून लागू आहे: चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. कॅरिअर म्हणजे तो पट्टा नव्हे. गाडीतही ते कार सीटची जागा घेत नाही, आणि फोडणी देताना तर बाळ अंगावर नकोच.

वापरलेलं घ्यायलाही हरकत नाही. खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांची शिवण उजेडात धरून पाहा, बकल दहादा लावून काढा, 'टक्' आवाज नीट यायला हवा. पहिला प्रयत्न घरी, पलंगाशेजारी करा. बाळाचं पोट भरलेलं असावं, शेजारी कुणीतरी उभं असावं. बाळ कुरकुरलं तर लगेच काढू नका, घरातल्या घरात चालायला लागा. आणि स्वतःचं मंगळसूत्र आधी काढून ठेवा, ते बाळाच्या गालाला टोचतं.