संकेतस्थळ-अभिकल्प
संकेतस्थळ-अभिकल्प : संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे व दुवे यांची मांडणी आणि त्यांच्या वापराची रीत ठरविण्याच्या तंत्रास संकेतस्थळ-अभिकल्प म्हणतात. निर्मात्याच्या सोयीकडून वापरकर्त्याच्या गरजेकडे अशी या तंत्राची वाटचाल झालेली दिसते.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये विश्वव्यापी जालाची योजना मांडली. आरंभीची पाने केवळ मजकूर व दुवे यांची असत. १९९३ मध्ये मोझेइक हा न्याहाळक उपलब्ध झाल्यावर मजकुरासोबत चित्रे दाखविण्याची पद्धत लोकप्रिय झाली. पुढे पानास छापील रूप देण्यासाठी सारण्यांचा वापर रूढ झाला. अशी पाने दिसण्यास सुबक असली, तरी मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांना त्यांतील वाचनक्रम पुष्कळदा उमगत नसे आणि अंध वापरकर्त्यांची अडचण होई. डिसेंबर १९९६ मध्ये विश्वव्यापी जाल संघाने शैलीपत्रकांचे पहिले मानक मान्य केले. त्यामुळे आशय व रूप वेगळे ठेवणे शक्य झाले. याच संघाने १९९९ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूर देणे, हे त्यांपैकी एक होय.

वापरताना चूक झाल्यास दोष बहुधा माणसाचा नसून रचनेचा असतो, हा विचार डॉनल्ड नॉर्मन यांनी रुजविला. मोजक्या वापरकर्त्यांकडून नेमून दिलेले काम करवून घेऊन ते कोठे अडतात याचे निरीक्षण करावे, या पद्धतीचा याकोब नील्सन यांनी पुरस्कार केला. भ्रमणध्वनीचा प्रसार झाल्यावर पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना ईथन मार्कट यांनी २०१० मध्ये मांडली.

मराठीत लिपीचा प्रश्नही महत्त्वाचा होता. पूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे वाचण्यासाठी त्यांचा विशिष्ट टंक संगणकावर बसवावा लागे. तो नसल्यास निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडच्या प्रसारामुळे ही अडचण दूर झाली आणि देवनागरी मजकूर शोधणेही सुकर झाले.

वापरकर्त्याच्या सवयींचे ज्ञान त्याच्या हिताविरुद्धही वापरता येते. नकाराचा पर्याय लपविणे, वर्गणी रद्द करणे अवघड करणे, न मागितलेली वस्तू खरेदीत घालणे या क्लृप्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. यामुळे अभिकल्पाचा विचार सोयीपुरता न राहता ग्राहकाच्या हक्काशीही जोडला गेला आहे.