डावपेचांचे खेळ का मागे पडले?

घरोघरी मोबाइल आल्यापासून मुलांच्या खेळांची चर्चा आपल्या वस्त्यांतून रोज होते. पोरगा दिवसभर गेम खेळतो, ही तक्रार प्रत्येक आई करते. परंतु तो कोणता गेम खेळतो हे विचारणारे पालक थोडेच. सगळे गेम सारखेच, असा आपला समज आहे. वास्तविक तसे नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकावरील खेळांचा एक मोठा प्रकार लोकप्रियतेच्या शिखरावरून खाली आला आणि त्याची जागा दुसऱ्याच खेळांनी घेतली. हे का घडले आणि त्यातून आपल्या कुटुंबांनी काय बोध घ्यावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

या प्रकाराला 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' म्हणतात. आपण त्यांना डावपेचांचे खेळ म्हणू. बुद्धिबळात एकाची चाल होईपर्यंत दुसरा थांबतो. येथे कोणीच थांबत नाही. दोघांचेही काम एकाच वेळी चालू असते. 1999 सालचा 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा गेम पाहा. सुरुवातीला खेळाडूच्या हाती साधारणपणे एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि टेहळणी करणारा एक स्वार एवढेच असते. त्यांच्या बळावर अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करायचे. एक नवा गावकरी उभा करायला 50 अन्न खर्ची पडते. मग आधी शेत करावे की सैनिक उभा करावा? आज खर्च करावा की उद्यासाठी राखावे? जमाखर्चाचा मेळ ज्याला बसवता येतो तोच टिकतो. आमच्यासारख्या कारकुनाला तर ही चालतीबोलती खतावणीच वाटते!

1992 च्या 'ड्यून 2' ने या खेळांचा साचा घालून दिला. 1994 मध्ये 'वॉरक्राफ्ट', 1995 मध्ये 'कमांड अँड कॉन्कर' आणि 1998 मध्ये 'स्टारक्राफ्ट' आला. दक्षिण कोरियात 1997 च्या आर्थिक संकटानंतर तासाच्या भाड्याने संगणक देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली आणि तेथे 'स्टारक्राफ्ट'चे वेड पसरले. सामने दूरदर्शन वाहिन्यांवर दिसू लागले. 2004 साली बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला सुमारे एक लाख प्रेक्षक जमल्याचे सांगितले जाते. आपल्याकडेही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मुले 'एज ऑफ एम्पायर्स' खेळत.

पुढे ओहोटी लागली. 'ड्यून 2' करणारी वेस्टवुड ही संस्था 2003 मध्ये बंद झाली. 'एज ऑफ एम्पायर्स' करणारी एन्सेम्बल 2009 मध्ये बंद झाली. कोरियातील 'स्टारक्राफ्ट'ची मोठी सांघिक स्पर्धा 2016 साली थांबली. 2020 मध्ये 'स्टारक्राफ्ट 2' साठी विकत घेण्याजोगी नवी भर यापुढे घालणार नाही, असे खुद्द निर्मात्यांनीच जाहीर केले.

याचे पहिले कारण म्हणजे हे खेळ अवघड. कसलेले खेळाडू मिनिटाला तीनशेच्या वर कळा दाबतात. नवख्याला ते झेपत नाही. शिवाय एकास एक सामना असल्याने हरल्याचे खापर फोडायला दुसरे कोणी नसते.

दुसरे कारण याच खेळांच्या पोटातून जन्मले. 2002 च्या 'वॉरक्राफ्ट 3' मध्ये हौशी मंडळींनी फेरफार करून 'डोटा' नावाचा वेगळा खेळ रचला. त्यात सारे राज्य सांभाळायचे नसते. पाच जणांच्या संघात आपला एकच वीर सांभाळायचा. त्याच वाटेने 2009 मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' आला. तो खेळायला फुकट! उत्पन्न मिळते ते वीरांच्या पोशाखासारख्या वस्तू विकून. मुलांचा लोंढा तिकडे वळला.

तिसरे कारण आपल्या खिशाशी निगडित आहे. बोटभर पडद्यावर शंभर गावकरी सांभाळणे कठीण. म्हणून मोबाइलसाठी सोपे गेम निघाले. 2012 च्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' मध्येही गाव वसवायचे असते. पण इमारत उभी राहायला आधी काही मिनिटे, पुढे कित्येक दिवस लागतात. वाट पाहायची नसेल तर पैसे भरा, काम तात्काळ पूर्ण! जुन्या खेळात वेळ वाचवायला अक्कल लागे, येथे बापाचा पगार लागतो. आम्हाला खटकते ते हेच.

जुने खेळ निर्दोष होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्यांतही युद्धच होते, शेजाऱ्याचे राज्य जाळल्याशिवाय बहुधा विजय नव्हता. शिवाय संगणक ही गरिबाच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. मोबाइलने खेळ कष्टकऱ्याच्या घरी आणला, हे मान्य केले पाहिजे. आणि हे खेळ मेलेलेही नाहीत. 'एज ऑफ एम्पायर्स 2' ची नवी आवृत्ती 2019 मध्ये निघाली, 2022 मध्ये तिच्यात भारतातील राजवटींची भर पडली. जाणकार आजही तो खेळतात.

खरा धोका खेळ आणि जुगार यांमधली भिंत पडण्याचा आहे. 'स्टारक्राफ्ट'ही त्यातून सुटला नाही; 2010 साली सट्ट्यासाठी मुद्दाम सामने हरल्याबद्दल कोरियातील नामवंत खेळाडूंवर कायमची बंदी आली. आपल्या संसदेनेही ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती तर जातेच. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, मित्र त्याला तुच्छ लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गृहस्थांच्या विनयात हा उपदेश घेतला आहे. तो आपल्या घरात वाचला जावा.

पालकांनो, मुलाच्या हातून मोबाइल हिसकावण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा : बाळा, या खेळात हरल्यावर आपले काय चुकले ते कळते का? पैसे भरून जिंकता येते का? डाव कुठे तरी संपतो का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही, असा खेळ ठराविक वेळ खेळायला आमची हरकत नाही. मात्र पैसे भरण्याचा पिन मुलांना सांगू नका.

आणि आपल्या बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर बुद्धिबळाचे चार पट मांडायला किती खर्च येतो? एखाद्या मंडळाने मनात आणले तर पुढच्याच रविवारी ते होईल. विचार करून पाऊल टाकणे, हरल्यावर आपली चूक शोधणे आणि हाती असलेले पुरवून वापरणे, ही शिकवण डावपेचांच्या खेळांत होती. ते खेळ मागे पडले म्हणून ती शिकवण आपल्या मुलांनी गमावण्याचे कारण नाही. मुलींनाही पटाशी बसवा, एवढे आमचे आग्रहाचे सांगणे. जयभीम!