एका नांवाचे दोन स्वर

मुलांस गाणें शिकविण्याची हौस आपल्या घरांतून आतां नवी राहिलेली नाहीं. पेटी असते, शिक्षक येतात, आणि चार-सहा महिन्यांत मुलगी पाहुण्यांपुढें भूपाची चीजही म्हणून दाखविते. पण पूर्वीं न पाहिलेली स्वरांची ओळ वहींत लिहून ‘म्हण बरें’ असें सांगितलें, तर? ओळ भूपाची असली तर निभावून जातें. ‘ग’च्या खालीं एक आडवी रेघ आली, कीं स्वर ढळतो, मुलगी पेटीकडे पाहूं लागते, आणि वडील माणसें ‘हिला कान नाहीं’ असा निकाल देऊन मोकळीं होतात. आमच्या घरांतील एका मुलीविषयीं आम्हीही तो दिला होता. तो परत घ्यावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या सप्तकांत स्वर बारा आणि नांवें सात. सा आणि प अचल. बाकीच्या पांचांस प्रत्येकीं दोन रूपें. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं कोमल स्वराखालीं आडवी व तीव्र मध्यमावर उभी रेघ योजून कागदाची सोय उत्तम केली. परंतु रेघ डोळ्यांस दिसते, जिभेस नाहीं. दोन्ही ‘ग’ मुलाच्या तोंडांत एकच. इंग्लंडांत जॉन कर्वेन (१८१६–१८८०) यांनीं जी ‘टॉनिक सोल्फा’ पद्धति रूढ केली, तींत ‘फा’ चढला कीं ‘फी’ होतो आणि ‘ती’ उतरला कीं ‘तॉ’. इतक्या दूर तरी कशास जा? कर्नाटक पद्धतींत मेळांच्या गणनेसाठीं र-रि-रु, ग-गि-गु अशीं अक्षरें आहेतच.

आम्हीं घरापुरती हीच युक्ति उसनी घेतली. ‘कोमल’मधील ओकार घेऊन रो, गो, धो, नो, आणि ‘तीव्र’मधील ईकार घेऊन मध्यमास ‘मी’. (‘मी’ आला कीं मुलें हसतात, हसूं द्यावें.) एका गवई स्नेह्यांनीं हें ऐकून कानांवर हात ठेवले! त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं; हीं नांवें म्हणजे बांधकामाचा पराती बांबू, भिंत उभी राहिली कीं काढावयाचा.

नुसत्या नांवानें मात्र स्वर लागत नाहीं. त्यास ओळखीचा शेजार लागतो. सा-नि-सा हें मुलास येतेंच. तीच चाल पंचमावरून म्हणावयास सांगावें : प-मी-प. तीव्र मध्यम सांपडला! ग-म-ग ची चाल पंचमावर नेली कीं प-धो-प, षड्जावर नेली कीं सा-रो-सा. रे-सा-रे ची चाल मध्यमावरून म-गो-म आणि षड्जावरून सा-नो-सा. ह्या वेळीं तंबोरा असावा, पेटी बंद असावी. बोटानें पट्टी दाबून मिळालेला स्वर मूल मागाहून ऐकतें. वाचून गाणाऱ्यास तो आधीं मनांत ऐकूं यावा लागतो. पेटी उघडावी ती पडताळ्यापुरती.

पुढें यमन, मग खमाज. खमाजांत चढतांना शुद्ध नि, उतरतांना कोमल. खरी परीक्षा येथेंच. काफी त्यानंतर सोपा जातो. आपल्या घरांत भैरवीचें प्रेम फार, पण चार कोमल स्वरांची ती रागिणी आम्ही शेवटीं ठेवतों. भैरवांतील रे आणि ध यांचें आंदोलन तर कोणत्याच रेघेंत मावत नाहीं. तें गुरुमुखांतूनच घ्यावें.

परवां आमच्या त्या मुलीपुढें खमाजाची एक कोरी ओळ ठेविली. चढून गेली, उतरतांना क्षणभर थांबली, ओठांतल्या ओठांत ‘नो’ पुटपुटली, आणि मग मोठ्यानें ‘नि’ म्हटलें. आम्हीं पेटी उघडून पाहिली. स्वर बरोबर होता.