घाटातला शीळकरी

बेळगावहून चोर्ला घाटाने साखळी-डिचोलीकडे जाणारी आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे आहेत. कोणाची लेक पेडण्यात दिलेली, कोणाचे कुलदैवत गोव्यात. घाटात गाडी थांबते ती धबधब्यापाशी फोटोसाठी. पण त्याच ओढ्याकाठी राहणारा गवई सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही.

त्याचे नाव शीळकरी कस्तूर. आकाराने साधारण साळुंकीएवढा. दुरून काळाच दिसतो, पण ऊन पडले की कपाळावर आणि खांद्यावर गडद निळा रंग चमकतो. उन्हाळा सरताना आणि पावसाळ्यात तो भल्या पहाटे गाऊ लागतो. एखादा मुलगा रानातून एकटाच मनाला येईल तशी शीळ घालत चालला आहे, असा तो आवाज. इंग्रजांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी’ म्हटले ते उगीच नव्हे.

विद्यार्थ्यांना घेऊन मी घाटात गेलो की कोणीतरी विचारतेच, “यार सिळ्ळे होड्याकत्तार, सर?” दुसरा मराठीत तेच विचारतो, “कोण शीळ घालतंय?” मराठी ‘शीळ’ आणि कन्नड ‘सिळ्ळे’! आपल्या घरांत हे दोन्ही शब्द एकत्र नांदतात.

या पक्ष्याचा सारा संसार पाण्याकाठी. किडे, गांडुळे, लहान बेडूक, खेकडे आणि रानफळे हे त्याचे खाणे. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या कपारीत तो मुळ्या, शेवाळ आणि चिखलाचे वाटीसारखे घरटे बांधतो. म्हणून जिथे ओढा आणि काठची झाडी शाबूत, तिथे त्याची शीळ.

हे पाणी घाटातच राहत नाही. दोडामार्गच्या डोंगरांतून येणाऱ्या तिळारीचे पाणी कालव्यांनी पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जाते, तर वाळवंटी नदी साखळीवरून वाहते. वर झाडी तुटली, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि खाली विहिरींना त्याची झळ लागते. डिचोलीकरांना हे सांगायला नको. खोल खाणींतले पाणी उपसले की आसपासच्या विहिरींचे काय होते, ते त्यांनी पाहिले आहे. २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले, पुढे काही काळ चालून २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. २०२४ मध्ये डिचोलीत ते परत सुरू झाले. रोजगाराचा प्रश्न खराच आहे, पण पाण्याचा हिशेबही त्याच वहीत मांडायला हवा.

शीळकरी कस्तूर आज दुर्मीळ पक्ष्यांत मोडत नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चे निघत नाहीत. तो असताना ओळख करून घेणे हेच शहाणपण. येत्या पावसाळ्यात गोव्याला जाताना अंधार असतानाच निघा, घाटात गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करा आणि मुलांना पाच मिनिटे गप्प बसवा. शीळ ऐकू आली, तर तिला शीळ म्हणायचे की सिळ्ळे, हे मुलांनाच ठरवू द्या.