सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन्स व स्त्रियांमधील स्तनकर्करोग : एक विवेचन

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथील पारंपरिक आहार भात, मासळी, नारळ व कुळीथ यांवर आधारलेला आहे. सोयाबीन हे प्रामुख्याने विदर्भ-मराठवाड्याचे पीक होय. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन या आयसोफ्लेव्होन्सची रेणुरचना इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी साम्य दर्शविते. त्यामुळे सोया खाल्ल्याने स्तनाचा कर्करोग बळावतो, अशी भीती व्यक्त होते. तथापि ही संयुगे मुख्यतः बीटा ग्राहकांशी जोडली जातात व त्यांचा प्रभाव क्षीण असतो. शांघाय येथील ५,०४२ रुग्ण स्त्रियांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहारात अधिक सोया घेणाऱ्यांमध्ये मृत्यू व रोगाचा पुनरुद्भव कमी आढळला. हा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यावरून सोयाला औषध मानता येत नाही. आयसोफ्लेव्होन्सच्या गोळ्यांनाही तो निष्कर्ष लागू पडत नाही. शुद्ध सोयातेलात तर ही संयुगे जवळजवळ नसतातच.

याउलट, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या स्तनतपासणीमुळे ५० व त्यापुढील वयाच्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. या तपासणीस यंत्र लागत नाही. म्हणूनच दिवेआगरसारख्या गावी सोयाच्या चर्चेपेक्षा गाठीची वेळीच तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.