शिशाच्या तोलावर उघडणारी खिडकी

इंग्लंडातील सॉल्झबरी गावी, कॅथीड्रलच्या आवारात, माँपेसन घराण्याने १७०१ साली पुरे केलेले जे घर आजही उभे आहे, त्याची दर्शनी बाजू कॅथीड्रलच्याच जातीच्या, चिल्मार्कच्या चुनखडी दगडाची असली, तरी पाहणाऱ्याची नजर खिळते ती खिडक्यांच्या सममित ओळींवर. हा दिमाख फुकट नव्हता. कारण तिसऱ्या विल्यमच्या अमदानीत १६९६ साली घरांवर जी खिडकीपट्टी बसली, तिचा आकार दहाच्या पुढे खिडक्या गेल्या की चढत असे, आणि तिचा अंमल १८५१ पर्यंत चालला. उजेडाला सारा आणि अंधाराला माफी, असा तो अजब न्याय! मात्र अशा घरांतील प्रत्येक बुजलेली खिडकी पट्टी चुकविण्यासाठीच बुजविली, असे समजू नये. पुष्कळ खिडक्या केवळ सममितीखातर मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात.

त्या काळची तावदाने लहान असत, याचे कारण काचेच्या घडणीत आहे. कारागीर वितळलेल्या काचेचा फुगा फुंकून, त्याचे तोंड मोकळे करून, तो भट्टीपुढे गरगर फिरवी, आणि केंद्रोत्सारी प्रेरणेने त्याची सुमारे चार फूट व्यासाची चकती पसरे; मधली गाठ वगळून तिच्यातून बेताचेच तुकडे निघत. चकती गाठीकडे जाड, म्हणून तावदानाचीही एखादी कड जाड. काच शतकानुशतके ओघळून खाली जाड होते, ही लोकप्रिय समजूत निराधार आहे.

पण खरी करामत चौकटीच्या आत दडलेली असते. वरखाली सरकणाऱ्या झडपेच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या दोऱ्या माथ्यावरच्या कप्प्यांवरून चौकटीच्या पोकळ पेटीत उतरतात, आणि तेथे त्यांच्या टोकांना शिशाची किंवा बिडाची वजने लोंबतात. दोहोंचा भार मिळून झडपेइतका असल्यामुळे ती सहज उचलली जाते आणि सोडाल तेथे घर्षणाच्या आधारे थांबते. जाणता सुतार वरच्या झडपेची वजने किंचित भारी व खालच्या झडपेची किंचित हलकी ठेवतो, म्हणजे दोन्ही आपोआप मिटलेल्या राहतात. दोरी झिजून तुटली, की भिंतीच्या आत वजन धाडकन आदळते. मग चौकटीतले लहानसे लाकडी झाकण काढून, आत हात घालून, ते शिसे शोधावे लागते आणि त्याला नवी दोरी बांधावी लागते.