जाळ्याची नाडीपरीक्षा

शिरूर तालुक्यात भीमा नदीकाठी वसलेले वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. फाल्गुन वद्य अमावास्येला येथे राज्यभरातून भाविक येतात. एरवी मोजक्याच दूरध्वनींचा भार वाहणाऱ्या मनोऱ्यावर त्या दिवशी हजारो दूरध्वनींचा भार पडतो. हा बिघाड नव्हे, गर्दी होय. परंतु दूरच्या केंद्रात बसलेल्या यंत्राला हा फरक कसा कळावा? संगणक-जाळ्यांच्या मोजमापाचे शास्त्र या प्रश्नाभोवतीच उभे आहे.

ग्रामपंचायतींचा या शास्त्राशी संबंध आता निकटचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केलेल्या व 2015 पासून ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याचे उद्दिष्ट होते. दाखले, सात-बारा, शिधावाटप यांचे कामकाज जाळ्यावर अवलंबून राहू लागले. ते थांबले की ‘सर्व्हर डाऊन’ हे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर बहुधा निरुपयोगी असते, कारण दोष केंद्रातील संगणकात आहे, वाटेतील तारेत आहे की कार्यालयातील विजेत आहे, हे त्यातून कळत नाही. रोजगार बुडवून आलेल्या माणसाला मात्र परत जावे लागते.

मोजमापाचे सर्वांत साधे साधन ‘पिंग’ होय. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये ते तयार केले. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. येथे ध्वनीऐवजी माहितीचे छोटे पॅकेट पाठवून ते परत येण्यास किती मिलिसेकंद लागले, हे पाहतात. अशी मोजणी दर मिनिटास केली की दिवसाकाठी 1,440 आकड्यांची मालिका तयार होते. वैद्याच्या हाती लागलेल्या नाडीसारखी ती वाचावी लागते.

ही नाडी वाचणे सोपे नाही. कोपनहेगन येथील एर्लांग यांनी 1909 मध्ये दूरध्वनींच्या मागणीचे गणित मांडले. त्या गणितानुसार ग्राहक वाढले की चढउतार सरासरीत विरून जातात. संगणकांच्या बाबतीतही तसेच घडेल, असे समजले जात असे. परंतु अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत 1989 पासून घेतलेल्या नोंदींवरून, 1993-94 मध्ये, वेगळेच चित्र पुढे आले. संगणकांची वाहतूक मिलिसेकंदांत पाहा वा तासांत, ती सारखीच उसळती दिसते. म्हणून एखादी उसळी पाहून लगेच धोक्याची घंटा वाजविणे व्यर्थ ठरते.

येथे संकेत-प्रक्रियेचे शास्त्र उपयोगी पडते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी 2002 मध्ये तरंगिका नावाच्या गणिती पद्धतीने वाहतुकीचे थर वेगळे केले. दिवस-रात्रीची संथ लय एका थरात, तर अकस्मात घडणारे फेरफार दुसऱ्या थरात. याच जातीचे काम पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीवर चालते. तेथील 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांकडून येणाऱ्या क्षीण संकेतांत वीजवाहिन्यांच्या ठिणग्यांचा गोंगाट मिसळतो. तो गाळण्यासाठी सरासरीऐवजी मध्यकावर आधारित मोजमाप वापरले जाते. कारण सोपे आहे. 39, 40, 41, 42 आणि 900 या आकड्यांची सरासरी 212 च्या वर जाते, मध्यक मात्र 41 च राहतो. एका ठिणगीने तो फसत नाही.

यंत्रशिक्षणात याच्या पुढची पायरी येते. नेहमीची लय कशी असते, हे यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते व तिच्याशी न जुळणारे ते वेगळे काढते. एकाच तालुक्यातील अनेक गावांच्या रेषा एकदम मंदावल्या तर दोष त्यांच्या सामाईक वाटेवर असण्याचा संभव मोठा असतो. एकच रेषा तुटली तर तो गावाजवळ असतो. परंतु वढूच्या अमावास्येसारखा दिवस शिकवणीत नसेल तर यंत्र त्यास बिघाडच समजेल. तिथीनुसार येणारा दिवस इंग्रजी दिनदर्शिकेत दरवर्षी सरकतो, हेही त्यास कोणीतरी सांगावयास हवे.

तुटलेल्या तारेचा शोध घेताना प्रकाशाचाच प्रतिध्वनी ऐकतात. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदास सुमारे 2 लक्ष किलोमीटर जातो. त्याचे परावर्तन 100 मायक्रोसेकंदांनी परत आले, तर तूट सुमारे 10 किलोमीटरवर असते. अर्थात हे अंतर तारेच्या लांबीचे असते. सांध्यांजवळ ठेवलेली वेटोळी वजा केल्याखेरीज खोदकामाची जागा चुकते.

या सर्व मोजमापात कोणाचाही मजकूर वाचावा लागत नाही. पॅकेटांची संख्या व वेळ एवढीच माहिती पुरते. ग्रामपंचायतीच्या यंत्रांत वीज जाताच अखेरचा संदेश पाठविण्याची सोय असू शकते. तो मिळाला तर तार शोधण्यासाठी माणूस धाडण्याचे कारण उरत नाही. जेथे ही सोय नाही, तेथे सेवा खंडित झाल्याची वेळ, वीज होती किंवा नव्हती आणि सेवा पूर्ववत झाल्याची वेळ, या तीन गोष्टी ग्रामसेवकाने वहीत टिपून ठेवल्या तरी यंत्राच्या शिकवणीस तीच सामग्री लागते.